कारखान्याच्या ऑफिसात बसून आकडे बघणारा माणूस नेमकं काय करतो?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या चौकांत सध्या 'डेटा अॅनालिस्ट बना' असे फलक जागोजागी दिसतात. क्लास लावणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर बँक, मोबाइल अॅप, नाहीतर पुण्याची आयटी कंपनी असते. ज्यांची मुलं एमआयडीसीतल्या पाइप कंपनीत याच कामाला लागली आहेत, त्या घरांत वेगळाच गोंधळ. मुलगा कारखान्यात जातो, पण मशीनला हात लावत नाही. माल विकत नाही, खातेवह्याही लिहीत नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढे. "मंग तू करस तरी काय?" हा प्रश्न मी कितीतरी घरांत ऐकला आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर कुणी देत नाही. मी हेच काम करतो, म्हणून लिहितो.

खानदेशात या कामाला जागा भरपूर आहे. जळगावात ठिबक आणि पीव्हीसी पाइप, प्लॅस्टिकच्या चटया, डाळमिली. धुळ्याजवळ अवधान आणि पुढे नरडाणा इथल्या औद्योगिक वसाहती, शिरपूरचा कापड उद्योग, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. यातल्या प्रत्येक ठिकाणी रोज हजारो आकडे तयार होतात. बहुतेक ठिकाणी ते लिहिले जातात, कपाटात जातात आणि तिथेच राहतात. त्या आकड्यांना प्रश्न विचारणं हे या माणसाचं काम. अनेक कारखान्यांत त्याला अॅनालिस्ट म्हणतही नाहीत. पाटीवर 'एमआयएस' (म्हणजे व्यवस्थापनासाठी माहिती गोळा करणारा विभाग) किंवा 'प्लॅनिंग' असं लिहिलेलं असतं.

आकडा जन्मतो कुठे?

ऑफिसातल्या माणसाने पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट ही, की आकडा ऑफिसात तयार होत नाही. तो मशीनपाशी तयार होतो, आणि बऱ्याचदा थकलेल्या माणसाच्या हातून. लॉगबुकात ऑपरेटर लिहितो: किती नग निघाले, किती रिजेक्ट झाले, लाइन, म्हणजे माल बनवणाऱ्या मशीनांची साखळी, किती वेळ बंद होती आणि का. वजनकाट्यावर वेगळी नोंद होते, क्वालिटीवाले जाडी मोजून तिसऱ्याच वहीत लिहितात, स्टोअरमध्ये कच्च्या मालाची चौथी नोंद. नव्या मशीनवर कंट्रोलर असतो, तो वेग आणि तापमान आपोआप साठवतो. हे चारपाच आकडे एकमेकांशी क्वचितच जुळतात.

म्हणून सकाळी आल्यावर पहिलं काम जुळवाजुळवीचं. रात्रपाळीने किती किलो माल वापरला, किती पाइप झाले, किती स्क्रॅप निघालं, याचा मेळ बसतो का? सकाळच्या मीटिंगच्या आत तो बसवावा लागतो. क्लासमध्ये शिकवतात ती सुबक रंगीत आलेखांची दुनिया इथून बरीच लांब आहे. माझ्या मते या कामातला निम्म्याहून जास्त वेळ आकडे स्वच्छ करण्यात जातो, आणि तो वाया गेला असं मानणारा माणूस या धंद्यात टिकत नाही.

आकड्यांना स्वतःच्या सवयी असतात. जाडीची नोंद पाहिली आणि दिवसभराची सगळी मापं ३.२, ३.२, ३.२ अशी दिसली, तर मोजमाप झालेलंच नाही हे ओळखायचं. खऱ्या मापात थोडी तरी हलचल असतेच. बंद वेळेच्या रकान्यात फक्त १५, ३० आणि ६० मिनिटं दिसत असतील, तर पाळी संपताना आठवून एकदम भरलेलं आहे. कारणांच्या रकान्यात 'इतर' सगळ्यात मोठं असेल, तर कारणांची यादीच चुकीची बनवली आहे, ऑपरेटरला हवं ते कारण तिच्यात सापडत नाही.

आणि व्याख्या. वीज ट्रिप झाली, पाच मिनिटांनी आली. ऑपरेटर लिहितो, 'बंद ५ मिनिटे'. पण पीव्हीसी उष्णतेला नाजूक असतं. माल वितळवणाऱ्या गरम नळकांड्यात, म्हणजे बॅरलमध्ये, अडकलेला माल जळायला लागतो, तो बाहेर काढावा लागतो, तापमान पुन्हा जुळवावं लागतं, पहिले काही पाइप खराबच निघतात. चांगला पाइप पडेपर्यंत तासभरही जातो. बंद वेळ वीज येईपर्यंत मोजायची की पहिला चांगला पाइप निघेपर्यंत? दुसरं उत्तर बरोबर आहे. ते उत्तर कारखान्याने लिहून ठेवलं, की जनरेटरचा खर्च परवडतो की नाही हा वाद निम्मा तिथेच मिटतो.

विहिरीची मोटर आणि ओईई

कारखान्यांत एक शब्द सारखा कानावर पडतो: ओईई. मशीनची एकूण परिणामकारकता. सेइची नाकाजिमा या जपानी तज्ज्ञाने मशीनच्या देखभालीची एक शिस्त घालून दिली, तिच्यातून हे मोजमाप जगभर पसरलं.

आपल्या शेतातली मोटर घ्या. थ्री-फेज लाइन आठ तास आहे, पण फ्यूज उडाला, स्टार्टर अडला, म्हणून मोटर सहाच तास चालली. चालली तेव्हाही पाणी खाली गेल्यामुळे पाइप भरून येत नव्हता, धार बारीक होती. आणि आलेल्या पाण्यातलंही थोडं फुटक्या जोडातून बांधावर गेलं. केळीच्या खोडाशी पोचलं ते या तिन्ही गळत्या वजा जाऊन उरलेलं पाणी. नुसतं 'मोटर सहा तास चालली' म्हटलं तर बाकीच्या दोन गळत्या कुणाला दिसतच नाहीत.

ओईई म्हणजे या तीन गोष्टींचा गुणाकार. आठ तासांची पाळी ४८० मिनिटांची. जेवणाची ३० गेली, उरली ४५०. समजा त्यातली ९० मिनिटं लाइन बंद राहिली, म्हणजे ३६० मिनिटं चालली: ८० टक्के. लाइनची क्षमता तासाला ३०० किलो असेल तर सहा तासांत १८०० किलो निघायला हवेत, निघाले १६२०: ९० टक्के. त्यातले ८१ किलो रिजेक्ट, चांगला माल १५३९ किलो: ९५ टक्के. तीन आकडे वेगवेगळे पाहिले तर कुठलाच फार वाईट वाटत नाही. गुणाकार केला की ६८.४ टक्के. म्हणजे लाइनने जेवढं द्यायला हवं होतं, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

'जागतिक दर्जाचा ओईई ८५ टक्के' असं वाक्य तुम्हाला मीटिंगमध्ये ऐकायला मिळेल. हा आकडा ९०, ९५ आणि ९९.९ या तीन टक्क्यांच्या गुणाकारातून येतो. दिवसातून चार वेळा साइज बदलणाऱ्या लाइनला तो लावून ओरडण्यात अर्थ नाही. दोन वेगळ्या कारखान्यांची तुलना करायला ओईई कच्चं साधन आहे. त्याच लाइनची मागच्या महिन्याशी तुलना करायला मात्र उत्तम, आणि त्याहून उत्तम म्हणजे तीनपैकी कुठली गळती मोठी आहे ते सांगायला.

पाइपातले साठ ग्रॅम

आता माझ्या आवडीचा भाग. इथे ऑफिसात बसलेल्या माणसाची किंमत खरी दिसते.

पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपला आयएस ४९८५ हे भारतीय मानक लागू आहे. त्यात प्रत्येक साइज आणि दाबाच्या वर्गासाठी भिंतीची किमान जाडी ठरवून दिली आहे. त्याखाली गेलात तर माल नापास. थोडं वर गेलात तर पास, पण गिऱ्हाईक पाइप लांबीवर घेतो. जास्तीच्या जाडीचे पैसे तो देत नाही. ते प्लॅस्टिक कारखान्याने फुकट वाटलेलं असतं.

समजा, किमान जाडीला एका पाइपचं वजन ४ किलो भरतं. प्रत्यक्षात पाइप ४ किलोपासून ४.२४० किलोपर्यंत निघतात, सरासरी ४.१२०. दर पाइपमागे १२० ग्रॅम जादा. दिवसाला २००० पाइप धरले तर २४० किलो. महिन्याच्या २५ दिवसांत ६ टन कच्चा माल बाहेर गेला, आणि कुठल्याच रिजेक्शन रिपोर्टमध्ये तो दिसला नाही, कारण प्रत्येक पाइप पास आहे!

हे पाहून कुणीही म्हणेल, मग सरासरी खाली आणा, पाइप ओढणाऱ्या हॉल-ऑफचा वेग थोडा वाढवा, पाइप पातळ होईल. असं केलं की दुसऱ्या दिवशी पातळ बाजूचे पाइप किमान जाडीच्या खाली जातात. सरासरी हा इथला प्रश्नच नाही, फैलाव हा प्रश्न आहे. आधी पाइपांमधला आपसातला फरक कमी करायचा. ४ ते ४.२४०चा पट्टा ४ ते ४.१२० वर आला, तर सरासरी ४.०६० वर बिनधोक आणता येते. पाइपमागे ६० ग्रॅम, महिन्याला ३ टन वाचले, मशीन तेच, माणसं तीच.

फरक का पडतो, हे शोधताना आकडे तारखेने, पाळीने, साइजने, मालाच्या लॉटने फोडून बघावे लागतात. रात्रपाळीच्या पहिल्या दोन तासांत वजन चढलेलं दिसतं का? पाळी बदलली की नवा ऑपरेटर सुरक्षित राहायला पाइप थोडा जाड ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही, पातळ पाइपसाठी ओरडा पडतो आणि जाड पाइपसाठी कुणी बोलत नाही, तर शहाणा माणूस हेच करेल. मे महिन्यात, जळगावचा पारा ४५च्या आसपास असताना, थंड पाण्याच्या टाकीचं तापमान दुपारी चढतं का? मग पाइप गार होण्याचा वेग बदलतो आणि मापं हलतात.

यात एक फसगत आहे, ती मुद्दाम सांगतो. पीव्हीसीमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळतात. तिची घनता पीव्हीसीच्या जवळजवळ दुप्पट. मिक्सरमध्ये भुकटी थोडी जास्त पडली तर जाडी तीच राहून पाइप जड होतो. फक्त वजनाचा तक्ता बघणारा म्हणेल, जाडी वाढली. म्हणून वजन आणि जाडी नेहमी शेजारी ठेवून वाचायची, आणि मिक्सरची नोंद हाताशी हवी. पाइप कसा बनतो हे माहीत नसलेल्या अॅनालिस्टला कुठलंही सॉफ्टवेअर यातून वाचवू शकत नाही.

दर पाइपमागे नॉब फिरवू नये, ते का?

वजन जास्त आलं की वेग वाढव, कमी आलं की कमी कर. हे मेहनती ऑपरेटरचं लक्षण वाटतं. यात मात्र फरक वाढतो. कारण काहीही न बदलता दोन पाइपांत थोडा फरक असणारच आहे. त्या नैसर्गिक फरकाच्या मागे धावलं की त्यावर आपला हात आणखी एक फरक चढवतो.

मग हात कधी लावायचा? याचं उत्तर १९२४ साली सापडलं. अमेरिकेत टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी एका पानाच्या टिपणात एक साधा तक्ता सुचवला, त्याला कंट्रोल चार्ट म्हणतात. मध्ये सरासरीची रेघ, वर-खाली एकेक मर्यादा. मर्यादा त्या प्रक्रियेच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांवरूनच काढतात, अशा बेताने की सगळं नेहमीसारखं चालू असेल तर हजारात सुमारे तीनच मापं बाहेर पडावीत. माप आत आहे तोवर हात लावायचा नाही. बाहेर गेलं, किंवा लागोपाठ सातआठ मापं रेघेच्या एकाच बाजूला पडली, तर काहीतरी बदललं आहे, थांबून शोधायचं.

हे शास्त्र आपल्याकडे उशिरा आलं असंही नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते, इथल्या कारखानदारांपुढे बोलले होते. एवढ्या वर्षांनंतर आजही अनेक ठिकाणी कंट्रोल चार्ट भिंतीवर दिसतो तो ऑडिटच्या आठवड्यातच, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पेन आणि आलेखाच्या कागदावर होणारं काम आहे हे.

"हे सगळं आमच्या सुपरवायझरला माहीत असतं"

बरंचसं असतं, खरं आहे. वीस वर्षं लाइनवर काढलेला माणूस आवाजावरून गिअरबॉक्स ओळखतो. त्याच्याशी बोलल्याशिवाय मी कुठलाही निष्कर्ष वर पाठवत नाही. पण त्याला त्याची पाळी दिसते. सहा महिन्यांतल्या तिन्ही पाळ्या, पाच लाइनी आणि चार पुरवठादारांचा माल एकत्र एकाच माणसाला डोक्यात ठेवता येत नाही. शिवाय मोठा बिघाड लक्षात राहतो, छोटा विसरला जातो. गिअरबॉक्स तुटून आठ तास गेले ते सगळ्यांना आठवतं. कटर अडकून रोज तीनतीन मिनिटं दहा वेळा गेली ती कुणी लिहीतही नाही, आणि महिन्याची बेरीज केली तर साडेबारा तास होतात.

"म्हणजे कामगारांवर नजर ठेवायचं नवं साधन?"

ही शंका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तसा वापर होऊ शकतो आणि होतो. ऑपरेटरच्या नावासमोर रिजेक्शनचा आकडा लिहून नोटीस बोर्डावर लावला, की पुढच्या महिन्यात रिजेक्शन कमी दिसतं. पाइप सुधारले म्हणून नव्हे, तर खराब पाइप गुपचूप ग्राइंडरमध्ये गेले म्हणून. आकडा खोटा झाला, आणि आता खरं काय चाललंय हे मालकालाही कळणार नाही. त्याच ऑपरेटरला जुनी डाय (पाइपला आकार देणारा साचा) आणि ओला माल मिळत होता, हे त्या यादीत कुठे होतं?

माझं मत स्पष्ट आहे: मशीन, माल आणि पद्धत यांचे आकडे माणसाच्या नावाशिवाय आधी वाचावेत. बंद वेळ प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला शिक्षा झाली, तर त्या दिवसापासून तुमच्या कॉम्प्युटरमधलं सगळं निरुपयोगी. लाइनवर जाऊन आलेख ऑपरेटरला दाखवायला हवा, कारण तो आकडा त्याने लिहिलेला आहे.

विक्रीच्या तक्त्यातली शून्यं

ऑफिसातल्या अॅनालिस्टकडे विक्रीचा अंदाजही येतो. ठिबकच्या धंद्यात मागणी वर्षभर सारखी नसते. केळीची जून-जुलैत लावायची मृगबाग, ऑक्टोबरच्या सुमाराची कांदेबाग, त्याआधी नळ्यांची घाई. अनुदानाच्या मंजुऱ्या आल्या की ऑर्डरींचा लोंढा. बारा महिन्यांची सरासरी काढून उत्पादन लावलं, तर पावसात गोदाम भरलेलं आणि मेमध्ये रिकामं.

आणखी एक बारकावा. मागच्या मे महिन्यात १६ मिलिमीटर नळीची विक्री एका आठवड्यात शून्य दिसते. मागणी नव्हती? बहुधा माल संपला होता. विक्रीच्या तक्त्याशेजारी साठ्याचा तक्ता ठेवला नाही, तर यंदाही त्याच आठवड्यासाठी कमी उत्पादन लावलं जाईल आणि शेतकरी पुन्हा रिकाम्या हाताने परत जाईल.

"एआय आल्यावर ही नोकरी राहील का?"

रोजचा रिपोर्ट बनवणं, सूत्रं लिहिणं, आलेख काढणं हे काम मशीन करू लागलं आहे, आणखी करेल. फक्त तेवढंच येणाऱ्याला काळजी करायला हवी. पण लॉगबुकातले '५ मिनिटे' खरे किती होते, वजन भुकटीमुळे वाढलं की जाडीमुळे, रात्रपाळीतला माणूस पाइप जाड का ठेवतो, हे कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. ते विचारावं लागतं, बूट घालून लाइनवर जावं लागतं.

म्हणून शिकणाऱ्यांना माझं सांगणं असं. एक्सेल पक्कं करा, पिव्होट आणि लुकअप हातात बसू द्या. मग डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल, नंतर पॉवर बीआय किंवा पायथन. पण त्याआधी संख्याशास्त्राची पहिली चार प्रकरणं: सरासरी, फैलाव, नमुना, शक्यता. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संख्याशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. डिप्लोमा केलेल्यांना मशीनची भाषा आधीच येते, त्यांनी आकडे शिकावेत. कॉमर्सवाल्यांनी उलट करावं, नोकरी लागल्यावर पहिला महिना जमेल तेवढा लाइनवर काढावा.

"आमची चटईची दोन मशीनं, आम्हाला काय उपयोग?"

लहान उद्योगाला अॅनालिस्ट नेमायची गरज नाही, सॉफ्टवेअरचीही नाही. एक रजिस्टर पुरतं. मशीन कधी थांबलं, पहिला चांगला माल कधी निघाला, कारण काय, आणि त्या वेळी कुठल्या लॉटचा माल चालू होता. वेळ घड्याळात बघून लिहायची, पाळी संपल्यावर आठवून नाही. कारणांची यादी ऑपरेटरलाच करायला सांगा, त्याच्या शब्दांत, आठदहा पुरेत. महिनाअखेर कारणवार मिनिटांची बेरीज करा आणि सगळ्यात मोठ्या एकाच कारणाला हात घाला. बाकीची तशीच राहू द्या. पुढच्या महिन्यात बेरीज पुन्हा करा, कारण पहिलं कमी झालं की यादीतला क्रम बदललेला असतो.